ट्रामाडोल अचानक बंद केल्यावर: एका निवृत्त शिक्षिकेचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, घरातली माणसं आणि काही तपशील बदलले आहेत. औषधं, त्यांच्या मात्रा आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

बाई ६६ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सून आणि कॉलेजात जाणाऱ्या नातवासोबत राहतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, शनिवारी येतो आणि रविवारी रात्री परत जातो. रक्तदाबाची गोळी दहाएक वर्षांपासून चालू, साखर थोडी वाढलेली. दोन्ही गुडघे झिजलेले होते. त्यातल्या उजव्याचं सांधेरोपण शहरातल्या एका रुग्णालयात झालं आणि चांगलं झालं. जखम वेळेत भरली, पाचव्या दिवशी बाई वॉकर घेऊन घरी आल्या.

डिस्चार्ज कार्डावर पाच औषधं होती. चौथ्या ओळीत ट्रामाडोल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी, पुढे १-१-१, आणि त्यापुढे ‘दुखल्यास’. अँटिबायोटिकसमोर ‘५ दिवस’ होतं, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसमोरही दिवस होते. या गोळीसमोर नव्हते. पुढचं सगळं प्रकरण त्या रिकाम्या जागेतून सुरू होतं.

सहा आठवड्यांनी फेरतपासणी झाली. एक्स-रे पाहिला, टाके पाहिले, गुडघा किती वाकतो ते पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘औषधं आधीचीच चालू’. बाईंनी ते अक्षरशः पाळलं.

गोळ्या कशा वाढल्या

ट्रामाडोल हे जर्मनीत तयार झालेलं औषध, १९७७ पासून बाजारात आहे. ते अफूच्या कुळातल्या औषधांसारखं काम करतं, पण त्यांच्यापेक्षा सौम्यपणे. शिवाय मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही दोन रसायनं ते जास्त वेळ टिकवून ठेवतं, म्हणजे काही अंशी नैराश्यावरच्या औषधांसारखंही वागतं. वेदना कमी होते आणि बऱ्याच जणांना थोडी हुशारीही वाटते. मॉर्फिनच्या मानाने सौम्य म्हणून ते आपल्याकडे वर्षानुवर्षं सढळ हाताने लिहिलं गेलं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते अमली पदार्थविषयक कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली आणलं. शेड्यूल एच-१ मध्ये ते त्याआधीपासूनच होतं. त्याचा अर्थ असा, की औषधविक्रेत्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि दिलं तर वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहून ती वही तीन वर्षं जपायची.

प्रत्यक्षात बाईंची सून डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन जायची आणि मेडिकलवाला ओळखीचा असल्यामुळे पट्ट्या द्यायचा. सुरुवातीला दिवसाला तीन. दुसऱ्या महिन्यात घरी येणारा फिजिओथेरपिस्ट बंद झाला, कारण दर खेपेचे पैसे आणि येण्याजाण्याचा त्रास. गुडघा आखडू लागला तशी रात्रीची एक गोळी वाढली. मग पहाटेची एक. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाई दुपारी चारच्या सुमारास आणखी एक घेऊ लागल्या. ‘चहानंतर जरा मरगळ यायची, गोळी घेतली की उठून कामाला लागायचे,’ असं त्यांनी पुढे सांगितलं. चारच्या त्या गोळीचा गुडघ्याशी फारसा संबंध नव्हता.

पहाटेच्या गोळीचंही तसंच. बाईंना पहाटे पाचला अंग मोडून आल्यासारखं वाटायचं. पिंडऱ्या, पाठ, खांदे, सगळंच दुखायचं. गोळी घेतल्यावर तासाभरात बरं वाटायचं, म्हणून त्यांनी आणि घरच्यांनी ते गुडघ्याचंच दुखणं धरलं. ट्रामाडोलचा अंमल पाच-सहा तासांत ओसरू लागतो. रात्री दहाला घेतलेली गोळी पहाटेपर्यंत उतरलेली असते आणि महिनोन्महिने सवय झालेलं शरीर तेवढ्यातही कुरकुरतं. ऑपरेशन एका गुडघ्याचं आणि दुखतात दोन्ही खांदे, हे खरं तर कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण ‘कुठे दुखतं?’ हा प्रश्न त्या सात महिन्यांत कुणी विचारलाच नाही. ‘दुखतंय का अजून?’ एवढंच सगळे विचारत राहिले.

या सहा गोळ्यांतून रोज १,९५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जात होतं. त्यावर बाई ‘साधी तापाची गोळी’ म्हणून ६५० ची पॅरासिटामॉल दिवसातून दोन-तीनदा घ्यायच्या. तीन घेतल्या की बेरीज ३,९०० वर जाते. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम मानतात. वय झालेल्या, अठ्ठावन्न किलोच्या बाईला ती गाठू देणंसुद्धा योग्य नाही. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध असू शकतं, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

तो आठवडा

मे महिन्यातल्या एका सोमवारी मेडिकलवाल्याने झेरॉक्स परत केली. ‘वहिनी, आता याच्यावर नाही देता येणार. नवीन चिठ्ठी आणा, तपासण्या चालू आहेत.’ कायद्याने तो बरोबरच होता. खरं तर सहा महिने आधीच बरोबर असायला हवा होता. सुनेने नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘बरंच झालं. मी वाचलंय, अफूच असते ती एक प्रकारची. आईला म्हणावं, सहन कर चार दिवस.’ उरलेली गोळी बाईंनी त्या रात्री घेतली.

मंगळवारी संध्याकाळपासून जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नाक वाहू लागलं. रात्रभर पाय एका जागी ठरेनात. बुधवारी सकाळी जुलाब आणि मळमळ. गावातल्या डॉक्टरांनी उन्हाळी गॅस्ट्रो धरून ओआरएस आणि अँटिबायोटिक दिलं. दुपारी बाईंना छातीत धडधडू लागलं, हातांवर मुंग्या चालल्यासारखं वाटू लागलं, दाराशी कुणीतरी उभं आहे असा भास झाला. संध्याकाळी सून त्यांना दुसऱ्या फिजिशियनकडे घेऊन गेली. त्यांनी ईसीजी काढला, तो ठीक निघाला. ऑपरेशननंतरची चिंता असं निदान करून त्यांनी एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम ही चिंता आणि नैराश्यावरची गोळी सुरू केली. दोन्ही डॉक्टरांना रक्तदाबाची फाईल दाखवली गेली. ट्रामाडोलचं नाव त्या फाईलमध्ये नव्हतं, आणि ‘ती गोळी तर आता बंदच केलीय’ म्हणून सुनेनेही ते सांगितलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. बाहेर वैशाखाचं ऊन अजून उतरलं नव्हतं आणि बाई शाल गुंडाळून बसलेल्या. दंडावर सरसरून काटा, कपाळावर घाम.

पहिला निर्णय: हे नक्की काय आहे?

अशा वेळी मी घरच्यांना औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो. नावं सांगताना माणसं विसरतात, पिशवी विसरत नाही. बाईंच्या पिशवीतून रिकाम्या पट्ट्यांची चळतच निघाली, रबर लावून ठेवलेली. मेडिकलमध्ये दाखवायला सोपं जावं म्हणून त्यांनी एकही टाकली नव्हती.

‘ही शेवटची कधी घेतली?’

‘सोमवारी रात्री. संपल्या.’

‘रोज किती घेत होतात?’

बाईंनी सुनेकडे पाहिलं. ‘सहा. एखाद्या दिवशी सात.’

‘सात? आई, मला तुम्ही चार सांगत होता!’

चौथा माणूस खोलीत नव्हता, तरी बाईंनी आवाज खाली आणला. ‘डॉक्टर, मी काय दारुडी आहे का?’

त्या प्रश्नाचं उत्तर नंतर दिलं. आधी एक शंका दूर करायची होती. घाम, मोठ्या झालेल्या बाहुल्या, जुलाब, अस्वस्थपणा, १०८ ची नाडी, १६६/९४ रक्तदाब, हे सगळं ट्रामाडोल अचानक तुटल्याने होऊ शकतं. पण शरीरात सेरोटोनिन अति झाल्यानेही असंच होतं. आदल्या रात्री एसिटालोप्राम पोटात गेलेली होती आणि तीही सेरोटोनिनच वाढवते. एका शक्यतेत थोडं ट्रामाडोल परत देणं हा उपाय ठरतो, दुसरीत तेच घातक ठरू शकतं.

फरक ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. बाईंना झोपवलं, डावा गुडघा किंचित वाकवला आणि पावलाचा चवडा झटकन वर दाबून धरला. सेरोटोनिन अति झालेलं असेल तर घोट्यापाशी पाऊल लयीत थडथडत राहतं, हाताला ठोके जाणवतात. पाऊल शांत होतं. डाव्या गुडघ्याचा झटका नेहमीएवढाच, हातपाय ताठर नाहीत, ताप ९९ च्या आत. उलट बाजूला जांभया, वाहतं नाक आणि अंगावरचा काटा ही अफू-कुळातलं औषध तुटल्याची ठळक खूण. सुरुवात शेवटच्या गोळीनंतर चोवीस तासांच्या आत, तीही जुळणारी. मुंग्या, भीती आणि भास मात्र नुसत्या अफू-कुळाच्या खात्यात बसत नाहीत. ट्रामाडोलच्या दुसऱ्या अंगामुळे, सेरोटोनिन-नॉरअॅड्रेनॅलिनचा आधार एकदम निघून गेल्यामुळे, काही रुग्णांना तीही होतात. त्यांना वेड लागलेलं नसतं, पण तसं वाटतं खरं.

साखर १४८ होती. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी १.३ आलं, म्हणजे थोडं जास्त; सोडियम १३३, म्हणजे थोडं कमी.

मग बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांना सांगितलं, की रोज इतके महिने हे औषध घेतलं की कुणाचंही शरीर त्याच्यावर टेकतं, आणि आधार एकदम काढला की कोलमडतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही असंच असतं. व्यसन म्हणायला आणखी काही लागतं: नुकसान होतंय हे कळूनही ओढ आवरता न येणं, सगळा दिवस त्याच्यामागे जाणं, त्यासाठी घर-दार बाजूला पडणं. बाईंच्या बाबतीत ते नव्हतं. चारच्या गोळीबद्दल आणि लपवलेल्या आकड्याबद्दल मात्र मी गोड बोललो नाही. ‘तिथून पुढची वाट निसरडी होती,’ असं त्यांना स्पष्ट सांगितलं. बाई शाळेत अर्धं आयुष्य खरं-खोटं ओळखण्यात घालवलेल्या. थापा मारलेल्या त्यांना चालल्या नसत्या.

दुसरा निर्णय: पुढे काय?

पहिला पर्याय होता काहीच न देण्याचा. हा वाटतो तितका वेडा नाही. त्रासाचा जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवड्याभरात तो बराच उतरतो. बाईंनी अवघड टप्प्यातला मोठा भाग ओलांडलाच होता. मुलाचा फोनवर हाच आग्रह होता: ‘आता तीन दिवस काढलेच आहेत, परत कशाला सुरू करायची?’ चाळिशीतल्या तंदुरुस्त माणसाबाबतीत मी कदाचित त्याचं ऐकलं असतं. इथे वय, वाढलेला रक्तदाब, जुलाबाने सुकत चाललेलं शरीर आणि भास, हे सगळं एकत्र होतं. शिवाय गुडघा का दुखतो त्याचा काहीच उलगडा झालेला नव्हता. तो दुखतच राहिला असता तर बाईंनी महिन्याभराने कुठून तरी पट्टी मिळवून थेट सहा गोळ्यांवर उडी मारली असती. त्या महिन्यात शरीराची सवय मोडलेली असते. जुनी मात्रा तेव्हा जास्त होते, आणि गुंगी येणं, श्वास मंदावणं, फिट येणं हे धोके तिथे असतात.

सगळी जुनी मात्रा परत सुरू करणं हा दुसरा. तासाभरात बरं वाटलं असतं. पण तीन दिवसांच्या खंडानंतर आणि एसिटालोप्राम अंगात असताना सहा गोळ्या देणं मला पटलं नाही. ट्रामाडोल आणि नैराश्यावरची औषधं एकत्र आली की फिटची शक्यताही वाढते.

औषध बदलण्याचा विचार फार वेळ टिकला नाही. डायक्लोफेनॅकसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या या क्रिएटिनिनवर आणि या रक्तदाबावर रोज देणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. प्रेगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी सुचवली जाते, पण तीही पुढे हळूहळूच सोडवावी लागते. एक गाठ सोडवायला दुसरी कशाला मारायची?

व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवणं हा पर्याय हाताशी ठेवला. तिथे ब्युप्रेनॉर्फिन या अफू-कुळातल्याच पर्यायी औषधावर रुग्णाला स्थिर करता येतं आणि ज्यांना हळूहळू कमी करणं जमत नाही त्यांच्यासाठी तो उत्तम मार्ग आहे. बाईंना त्याची कल्पना दिली, मुलाला १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांकही दिला. आधी घरी राहूनच प्रयत्न करू, असं ठरलं.

म्हणजे उरलं ते कमी मात्रेवर परत सुरू करून पायरी-पायरीने उतरवणं.

काय केलं

एक गोळी दवाखान्यातच दिली आणि बाईंना बाकावर बसवून ठेवलं. आठच्या सुमाराला जांभया थांबल्या, शाल मांडीवर आली, त्यांनी चहा मागितला. तपासणीचा सर्वांत भक्कम पुरावा तोच होता. घोटा पुन्हा तपासला, शांतच होता. मग दिवसाला चार गोळ्या ठरवल्या, सहा तासांच्या अंतराने. एसिटालोप्रामची एकच गोळी गेलेली असल्याने ती तिथेच थांबवली. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ट्रामाडोलचं कळल्यावर त्यांनीही तेच म्हटलं. अँटिबायोटिक बंद, ओआरएस चालू. वेगळी पॅरासिटामॉल पूर्ण बंद.

जाताना सुनेने विचारलं, ‘रात्री झोप नाही लागली तर? माझ्या आईची अल्प्राझोलाम आहे घरी.’ ती देऊ नका, असं दोनदा सांगितलं. झोपेची किंवा भीतीची ती गोळी आणि ट्रामाडोल मिळून श्वास दाबू शकतात. दारूचंही तसंच. हातपायांना झटके, ताठरपणा, वाढता ताप, बरळणं, फिट किंवा उठवूनही न उठणारी गुंगी यांतलं काही दिसलं तर माझी वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं, हे कागदावर लिहून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात गुडघा नीट पाहिला. सांधेरोपणानंतर सात महिन्यांनीही दुखत असेल तर रोपण सैल झालंय का, आत जंतुसंसर्ग आहे का, हे बघितल्याशिवाय वेदनाशामक कमी करायला घेणं म्हणजे आंधळेपणा. एक्स-रे आणि सीआरपी (संसर्ग किंवा सूज असेल तर वाढणारी रक्ततपासणी), दोन्ही ठीक निघाले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीही तपासून रोपण उत्तम असल्याचं सांगितलं. गुडघा मात्र ९५ अंशांच्या पुढे वाकत नव्हता आणि मांडीचा स्नायू वाळलेला दिसत होता. औषध तिथे हवं होतं आणि ते गोळीत मिळणारं नव्हतं. गावातच एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी सापडली. आठवड्यातून दोनदा ती, बाकी दिवस बाई स्वतः: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं.

कमी करण्याचा वेग ठरवताना माझ्यासमोर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये दिलेला इशारा होता. अशा औषधांवर टेकलेल्या रुग्णांचं औषध अचानक तोडू नका, दर दोन ते चार आठवड्यांनी १० ते २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात करू नका, असा त्याचा आशय. दोन आठवडे चारवर स्थिर राहायचं, मग दर दोन आठवड्यांनी अर्धी गोळी कमी. शेवटी-शेवटी अर्धी गोळी हीच मोठी कपात होते, म्हणून तिथे तीन आठवड्यांचं अंतर. ही गोळी साधी, लगेच विरघळणारी असल्याने कटरने अर्धी करता येत होती. ज्या पट्टीवर ‘एसआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, ती कधीही तोडायची किंवा चावायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

कोणत्या वेळची गोळी आधी कमी करायची ते बाईंनी ठरवलं. त्यांनी दुपारचीच निवडली. मला वाटतं, चारची गोळी नक्की कशासाठी होती ते त्यांना आमच्याआधी कळलेलं होतं.

मी दर खेपेला एका आठवड्याचीच चिठ्ठी द्यायचो. त्यावर एकूण गोळ्या आकड्यात आणि अक्षरात लिहिलेल्या असायच्या. मेडिकलवाल्याशी बोलणं झालं होतं, तो वहीत नोंद करून तेवढ्याच मोजून द्यायचा. नोंदीसाठी बाईंनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय वापरलं. तारखेच्या चौकोनात एका कोपऱ्यात दुधाचा हिशेब, दुसऱ्या कोपऱ्यात लाल पेनने गोळी आणि एक अक्षर: गुडघा दुखला तर ‘गु’, सगळं अंग दुखलं तर ‘अं’. महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं. मात्रा कमी केल्यावरचे पहिले तीन-चार दिवस ‘अं’चे असत आणि मग ते आपोआप ओसरत. ‘गु’ जिना चढलेल्या किंवा व्यायाम चुकलेल्या दिवशी येई. एवढी माहिती हाती आल्यावर प्रत्येक दुखण्याला गोळी हे उत्तर उरलं नाही.

तिसरा निर्णय: गौरींच्या तीन दिवसांनंतर

ऑगस्टच्या शेवटी बाई दिवसाला एका गोळीवर आल्या होत्या, अर्धी सकाळी आणि अर्धी रात्री. मग गणपती आले, गौरी आल्या. तीन दिवस उभं राहून पुरणपोळ्या, पाहुणे, उठबस. कडधान्याच्या डब्यात बाईंनी खूप आधी दडवलेली एक पट्टी होती, त्यातल्या रोज दोन जादा गोळ्या त्यांनी घेतल्या. गौरी गेल्यावर स्वतःच दवाखान्यात येऊन उरलेली पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘कॉपी केली मी.’

मुलाचं म्हणणं होतं, आता गोळ्यांच्या कपाटाची चावी सुनेकडे द्या आणि बाकीच्या गोळ्या आठवड्यात संपवा. मला ते शिक्षेसारखं वाटलं. शिवाय तीन दिवस तीन गोळ्यांवर राहून परत एकदम खाली उतरायला लावलं असतं तर मेमधला आठवडाच पुन्हा उगवला असता. आम्ही दिवसाला दीड गोळीवर गेलो, तिथे तीन आठवडे थांबलो आणि मग पुन्हा उतरायला लागलो. चावी मात्र सुनेकडे गेली, बाईंच्याच सांगण्यावरून.

अर्धीवर आल्यावर बाई अडून बसल्या: ‘दिवाळी होऊ दे.’ दिवाळी होऊ दिली. अर्ध्या गोळीने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या मध्यावर ट्रामाडोल बंद झालं. हे वेळापत्रक या बाईंच्या शरीराला बघून बेतलेलं आहे. दुसऱ्या कुणाची मात्रा, मूत्रपिंडं आणि सोबतची औषधं वेगळी असणार, त्यामुळे ते उतरवून घेण्यासारखं नाही.

गुडघा आता ११० अंशांपर्यंत वाकतो. सपाटीवर चालताना दुखणं दहापैकी तीन, जिना चढताना पाच. म्हणजे दुखणं गेलेलं नाही. पण सहा गोळ्या घेत होत्या तेव्हाही बाई दुखणं दहापैकी सहा-सात सांगत असत, हे लक्षात घेतलं तर गोळ्यांनी शेवटच्या काही महिन्यांत नेमकं काय दिलं होतं असा प्रश्न पडतो. पॅरासिटामॉल ५०० लागेल तशी, दिवसाला तीनपर्यंत. रोज रात्री घ्यावं लागणारं चूर्ण सुटलं. बद्धकोष्ठ हाही गोळीचाच प्रताप होता आणि सात महिने त्याच्यासाठी वेगळं औषध चाललं होतं. सोडियम सुधारलं. झोप मात्र शेवटच्या अर्ध्या गोळीनंतरही पाच-सहा आठवडे तुटक राहिली, त्या काळात बाई फार वैतागल्या. भास आणि ती भीती परत आली नाही, चिंतेची गोळी पुन्हा लागली नाही.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आता करायचं की नाही, यावर घरात एकमत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

डिस्चार्ज कार्डावर ‘दुखल्यास’पुढे ‘जास्तीत जास्त इतके दिवस, नंतर दाखवा’ एवढं लिहायला हवं होतं. सांधेरोपणानंतर काही आठवडे अशी गोळी लागते, त्यात वावगं काही नाही. लिहून देणाऱ्याने ती थांबवण्याची तारीख आणि पद्धतही त्याच कागदावर द्यायला हवी. सहा आठवड्यांच्या तपासणीत ‘दिवसाला किती घेता?’ हा प्रश्न झाला असता, तर तेव्हा तीन गोळ्या दोन-तीन आठवड्यांत सहज सुटल्या असत्या आणि फिजिओथेरपी चालू असतानाच सुटल्या असत्या.

मेडिकलवाल्याने सात महिने झेरॉक्सवर देणं चूक होतंच. पण एका सोमवारी एकदम नाही म्हणण्याऐवजी ‘या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, अचानक बंद करू नका’ हे वाक्य त्याच्या तोंडून आलं असतं तरी पुष्कळ टळलं असतं. गोळी देताना आणि नाकारताना बोलायचं काय, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

दोन्ही डॉक्टरांसमोर ट्रामाडोलचं नाव आलंच नाही. तालुक्याच्या गावी एका बुधवारी दोन दवाखाने फिरणारा रुग्ण नवा नाही. ‘गेल्या महिन्याभरात कोणतं औषध बंद केलं?’ हा प्रश्न ‘कोणतं चालू आहे?’ याच्या बरोबरीने विचारायला हवा, विशेषतः सेरोटोनिन वाढवणारी गोळी लिहिण्याआधी.

मुलाच्या बोलण्याबद्दल थोडं. ‘अफूच असते’ ही भीती घरोघरी आहे आणि तिची दुसरी बाजू मी याहून जास्त वाईट पाहिली आहे. कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिनची सवय लागेल म्हणून नातेवाईक ते नको म्हणतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने मॉर्फिन मिळणं इतकं किचकट झालं होतं, की २०१४ मध्ये दुरुस्ती करून वेदनेसाठी लागणारी काही औषधं मिळण्याची वाट संसदेला मोकळी करावी लागली. बाईंच्या घरात सात महिने गोळीची कुणाला भीती नव्हती, आणि मग एका फोनवर इतकी वाटली की ती एका रात्रीत तोडली. दोन्ही वेळा विचारायला कुणी नव्हतं.

घरात उरलेल्या गोळ्यांचा विचारही उशिरा झाला. कपाटात ट्रामाडोल, डब्यात ट्रामाडोल आणि घरात कॉलेजात जाणारा नातू. अशी औषधं एरवी कचऱ्यात जातात आणि तिथून कुणाच्याही हाती लागतात. सीडीएससीओ या केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये न वापरलेली औषधं कशी टाकावीत याची मार्गदर्शिका काढली. त्यात घरात राहिल्यास धोक्याची म्हणून १७ औषधं संडासात टाकून पाणी सोडावं असं म्हटलं आहे, आणि ट्रामाडोल त्या यादीत आहे. पॅरासिटामॉल, रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या त्या यादीत नाहीत, त्या तशा टाकू नयेत. डब्यातली पट्टी बाईंनी दवाखान्यात आणून दिली होती. कपाटातल्या अडीच गोळ्या डिसेंबरमध्ये सुनेने फ्लश केल्या.